फिकट गुलाबी

बारावीला केमिस्ट्रीत मला ६५ मार्क पडले. त्या जोरावर मी एफ.वाय.ला केमिस्ट्री घेतली. ते ६५ मार्क गाइडचे होते, माझे नव्हेत, हे मी विसरलो. केमिस्ट्री विसरली नाही.

कॉलेज सिंधुदुर्गात, तालुक्याच्या गावी. एसटीने पाऊण तास, पावसात दीड. वर्गावर पत्रे. त्यामुळे मोल म्हणजे काय हे आमच्या बॅचला आजवर नीट कळलेलं नाही. सर म्हणाले, "एक मोल म्हणजे सहा पूर्णांक शून्य बावीस गुणिले..." आणि सर आली. दहाचा तेविसावा घात त्या सरीत वाहून गेला. पाऊस उघडला तेव्हा सर फळा पुसत होते आणि आम्ही माना डोलवत होतो.

पण थिअरीत मान डोलवून भागतं. प्रॅक्टिकलला हात लागतात.

पहिलंच प्रॅक्टिकल: सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ नॉर्मल तीव्रतेचं द्रावण, २५० मिलिलिटर. म्हणजे १ ग्रॅम वजन करायचं. यात काय अवघड? बाटलीतून साबुदाण्याच्या थोरल्या भावासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या काढल्या, वॉच ग्लासवर ठेवल्या. काटा म्हणाला १.०१२. एक गोळी काढावी की राहू द्यावी, या विचारात मी असताना काटा म्हणाला १.०१३. मग १.०१५. मी हात लावला नव्हता. गोळ्यांना घाम फुटला होता. हवेतलं पाणी पिऊन त्या माझ्या डोळ्यांदेखत बाळसं धरत होत्या. एक चिमट्याने उचलायला गेलो तर ती शेजारणीला घेऊनच आली. एवढ्यात लाईट गेली. परत आली तेव्हा वॉच ग्लासवर गोळ्या नव्हत्या, चिकट थारोळं होतं.

काट्याच्या काचपेटीत हवा कोरडी राहावी म्हणून निळी सिलिका जेल ठेवतात. ओल धरली की ती गुलाबी होते. आमची जूनमध्ये गुलाबी झाली ती गुलाबीच. सबंध लॅबमध्ये सांगितल्याबरोबर गुलाबी होणारी तेवढी एकच वस्तू होती.

कारण पुढचा खेळ गुलाबीचाच. फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर ऑक्झॅलिक अॅसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलिन या अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वरून ब्युरेट नावाच्या तोटीच्या नळीतून सोडियम हायड्रॉक्साइड. "फिकट गुलाबी, अर्धा मिनिट टिकला पाहिजे," बाईंनी बजावलं. मी सोडत गेलो. काही नाही. हलवलं. काही नाही. थेंब पडला तिथे जरा लाजल्यासारखं व्हायचं आणि विरून जायचं. नऊ झाले, साडेनऊ झाले. मी कंटाळून कॉक किंचित फिरवला, आणि फ्लास्कमध्ये भरगच्च कोकम सरबत तयार.

बाईंनी फ्लास्क उजेडात धरला. "पाहुणे येणार आहेत का?"

तीनदा केलं. १०.४, ११.१, ९.८. हवा असतो सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, दरवेळी तोच आकडा. माझ्यात कॉन्स्टंट काही असेल तर ती सर्दी. शेजारच्या बेंचवर मात्र १०.२, १०.२, १०.२. इतकी एकी आमच्या भावकीत कधी दिसली नाही. लॅब अटेंडंट काका माझी वही बघून हळूच म्हणाले, "रे झिला, दोन ब्युरेटीन मार, तिसरो पेनान मार."

घरी येऊन आजीला हे सगळं सांगितलं. ती माझा युनिफॉर्म धूत होती. शर्टावर कोकमाचा लाल डाग होता, तिने साबण चोळला आणि डाग निळसर हिरवट झाला. वर लिंबू पिळलं, पुन्हा लाली आली. आम्लात एक रंग, अल्कलीत दुसरा. कोकमातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याची ही करामत माझ्या जर्नलात होती. आजीने पिळा घातला. "मेल्या, ह्या शिकाक तू एसटीचो पास काढलंस?"

ऑक्टोबरात परीक्षा. बाहेरगावचे एक्स्टर्नल. बाहेर परतीचा पाऊस. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "सोडियम हायड्रॉक्साइड प्रायमरी स्टँडर्ड का नाही?"

प्रायमरी स्टँडर्ड म्हणजे ज्याच्या वजनावर डोळे मिटून भरवसा ठेवावा असा पदार्थ. उत्तर जर्नलच्या पान ४ वर होतं. पान ४ डोळ्यांसमोर येईना. आली ती स्वयंपाकघरातली बरणी. मी म्हणालो, "सर, आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी पितं. हे कसं राहील? वजन केलं ते सोड्याचं की हवेचं, कळणार कसं?"

"मग मिठाचं काय करता?"

"भाजलेले तांदूळ टाकतो, सर."

"आणि याचं?"

"ऑक्झॅलिक अॅसिडशी ताडून बघतो."

ते काही बोलले नाहीत. शीटवर आकडा लिहिला. मी मान लांब करून वाचायचा प्रयत्न केला. कागद सादळला होता, शाई पसरली होती. पहिला आकडा १ होता की ७, ते निकाल लागेपर्यंत कळलं नाही.