फुटाळ्याला भरती नाही, उन्हाळा आहे

निकाल लागला त्या दिवशी नागपूरहून मामेभावाचा फोन. "जिंकलो बावा! आता तलावात बसून जेवू." ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचं म्हणणं कायम ठेवलं: नागपूरचा फुटाळा हा माणसानं बांधलेला तलाव आहे, कायद्याच्या व्याख्येतली पाणथळ जागा नाही. संगीत कारंजं, कृत्रिम वडाचं झाड आणि तरंगतं रेस्टॉरंट, तिन्हींवरचा आक्षेप फेटाळला गेला. तलाव भोसल्यांच्या काळातला, तेव्हा माणसानं बांधला हे खरंच.

आमच्या घरच्या ग्रुपवर मात्र दोन तट पडले. काकांना तलावात हॉटेलच नको. बाकीचे म्हणाले, "तरंगतंच तर आहे, पक्कं बांधकाम थोडीच आहे?" मी अडलो तो या 'तरंगतंच'पाशी.

मी रॉटरडॅमला राहतो. इथल्या राइनहाफेन या जुन्या बंदरात २०२१पासून एक तीनमजली लाकडी ऑफिस तरंगतंय. खाली काँक्रीटचे पोकळ तराफे, गारव्याला बंदराचंच पाणी, जोडीला रेस्टॉरंट. (महाग आहे. काठावरूनच बघतो.) समुद्राची भरती नदीतून इथवर पोचते. दिवसातून दोनदा पाणी दीडेक मीटर वर-खाली होतं आणि त्याबरोबर इमारतही. म्हणून अशा ठिकाणी काठावरून आत नेणारा पूल दोन्हीकडे घट्ट बसवून चालत नाही; एका टोकाला बिजागरी लागते, दुसरं टोक सरकतं ठेवावं लागतं. सांडपाण्याचा नळसुद्धा वाकणारा लागतो. घुमट, काच, रोषणाई कोणीही काढून देईल. आर्किटेक्टचा कस लागतो तो या पुलात आणि नळात.

फुटाळ्याला भरती नाही, उन्हाळा आहे. पाणी महिनोन् महिने उतरत जातं आणि काठाशी चिखलाचा पट्टा उघडा पडतो. तराफा त्या गाळावर एका बाजूनं टेकला, तर टेबलावरच्या सावजीचा रस्सा कुणाच्या मांडीवर येईल? शिवाय कारंजं सुरू झालं की सगळी गिऱ्हाइकं एकाच कठड्याकडे धावणार. स्वयंपाकघराचं, पाण्याच्या टाक्यांचं वजन कुठे ठेवलंय, तराफा किती रुंद आहे, हा हिशेब तेव्हा कळतो. तेलकट पाणी पाइपानं काठावर येणार की तलावात जाणार, हे तर आधीच विचारायला हवं. नकाशात याची उत्तरं असतील तर माझा रेस्टॉरंटला विरोध नाही. काकांना हे पटणार नाही.

मामेभाऊ म्हणाला, "तुमच्याकडं पैसा हाय, तुम्ही शिकवा आमाले." बोलणं लागलं, कारण अर्धं खरं आहे. पण २३ सप्टेंबर २०२३ला पहाटे नागपूरचाच अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा याच्याच हॉलमध्ये फ्रिज तरंगत होता, आडवा होऊन. तरंगणं म्हणजे काय ते त्याला मी सांगायची गरज नाही.

म्हटलं, मे महिन्यात पाणी कुठवर उतरतं त्याचा एक फोटो पाठव.

"मे मध्ये? उन्हात कोण जाते बे फुटाळ्यावर?"