आधी डोळे बघा, मग जबडे

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की जोगच्या धबधब्याजवळ मी काढलेल्या फोटोतली मुंगी हार्पेग्नाथॉस ही उड्या मारणारी मुंगी नाही, ओडोंटोमॅकस ही दुसरीच लांब जबड्यांची मुंगी आहे. तिला 'दुर्मीळ' म्हणणं चूक. आणि कामकरी मुंगी राणीची जागा घेते ही दंतकथा.

'दुर्मीळ' काढून टाकलं. आम्हा इंदूरकरांना घरातल्या काळ्या मुंगळ्याची सवय, म्हणून मला ती अपूर्वाईची वाटली. सह्याद्रीच्या जंगलात तिची वारुळं सापडतात, हे तुमचं खरं.

ओळखीबद्दल मात्र मी ठाम आहे. लांब जबडे दोघींनाही असतात, तिथेच फसगत होते. ओडोंटोमॅकसचे जबडे डोक्याच्या पुढच्या कडेला मधोमध, एकमेकांना चिकटून निघतात आणि उघडले की आडवे सरळ रेषेत येतात. फोटोतले जबडे बघा, डोक्याच्या दोन कोपऱ्यांतून निघून पुढे वर वळलेत. आणि डोळे! केवढे मोठे, अगदी जबड्यांच्या मुळाशी. ओडोंटोमॅकसचे डोळे त्यामानाने बारीक.

मी पालथा पडून बघत होतो. वारुळाच्या तोंडाशी ती थबकलेली. बोट डावीकडे नेलं की तिचं डोकं डावीकडे, उजवीकडे नेलं की उजवीकडे. इतर मुंग्या मिशांनी चाचपत जातात, ही चक्क बघत होती. मग टुणकन उडाली, चार बोटं तरी, आणि पाचोळ्यात दिसेनाशी झाली. ही उडी पायांची. ओडोंटोमॅकसही उडते, पण जबडे जमिनीवर फटकन मिटून. थॉमस जेर्डन या मद्रास सैन्यातल्या डॉक्टरने १८५१ मध्ये फोटोतल्या या हार्पेग्नाथॉसचं वर्णन केलं आणि नावच 'सॅल्टेटर', म्हणजे उड्या मारणारी, असं ठेवलं.

आता राणीचं. बहुतेक मुंग्यांत राणी मेली की वसाहत संपते, हे तुम्ही शिकलात ते बरोबरच. पण या जातीत कामकरीणही नराशी मीलन करून अंडी घालू शकते. राणी गेली की त्या एकमेकींवर मिशांचे फटकारे मारत झुंजतात, कधीकधी महिना उलटेपर्यंत. जिंकणाऱ्यांचे बीजकोश, म्हणजे अंडी तयार करणारे अवयव, वाढतात, आयुष्य सुमारे सात महिन्यांवरून चारेक वर्षांवर जातं आणि मेंदू जवळजवळ पाव हिश्शाने आक्रसतो. अशा मुंगीला त्या पदावरून हटवलं तर मेंदू पुन्हा पूर्ववत वाढतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. मला स्वतःला याहून थक्क करणारी गोष्ट कीटकांत फारशी आढळलेली नाही, म्हणूनच ती लिहिली.

फोटो वरून काढलेला, त्यामुळे कंबर दिसत नाही, हा दोष माझा. ओडोंटोमॅकसच्या कंबरेच्या गाठीवर टोकदार काटा असतो, हिची गाठ गोलसर. बाजूने काढलेला एक फोटो कार्डात सापडलाय, तो आज रात्री खाली टाकतो. काटा दिसला तर सांगा.