गेटवेच्या आधी मुलांना जवळचं हुतात्मा स्मारक दाखवा

शाळेची सहल म्हटली की बस गेटवे ऑफ इंडियाला जाते. जाऊ दे, समुद्र बघून मुलं खूश होतात. पण 'हे आपलं राष्ट्रीय स्मारक' एवढंच सांगून फोटो काढायचे आणि निघायचं, हे मला अजिबात पटत नाही. 1911 साली इंग्रजांचा राजा पंचम जॉर्ज मुंबईत उतरला, त्याची आठवण म्हणून ती कमान उभी राहिली. 1924 मध्ये पूर्ण झाली. आणि 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी त्याच कमानीतून कायमची निघून गेली! हे ऐकलं की तिसरीतलं पोरही मान वर करून कमानीकडे बघतं. न सांगता उभं केलं तर त्याचं लक्ष फुगेवाल्याकडे जाणार, त्यात त्याची काय चूक?

माझं म्हणणं असं की मुलांना आधी जवळचं स्मारक दाखवावं, आणि तिथे देशभक्तीवर भाषण न देता एका माणसाबद्दल सांगावं. नाव काय, वय काय, त्या दिवशी काय झालं.

माझी लेक नववीत आहे. नंदुरबारला नातेवाइकांकडे गेलो होतो, तेव्हा तिला शिरीषकुमार मेहताच्या स्मारकापाशी नेलं. 9 सप्टेंबर 1942. 'चले जाव'चे दिवस, हातात तिरंगा घेऊन मुलांची मिरवणूक निघाली होती. 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनु' ही त्यांची घोषणा, घरात गुजराती बोलणाऱ्या मुलाच्या तोंडची. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमारबरोबर आणखी चौघं गेले. त्याला सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. लेकीने विचारलं, "म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांएवढा?" त्यानंतर कितीतरी वेळ ती एकेक नाव वाचत होती. मी मध्ये बोललो नाही.

त्याच दिवशी इकडे साताऱ्यात वडूजच्या मोर्चावरही गोळीबार झाला. परशुराम घार्गे पडले तेव्हा त्यांच्याही हातात झेंडाच होता. सोलापूरने तर 1930 मध्ये नगरपालिकेवर तिरंगा लावला, पुढे मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल, भोगला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. ही चार नावं मुलांना एका दमात म्हणायला लावा. हा देश कुणाकुणाचा, ते वेगळं समजवावं लागत नाही.

शाळेत झेंड्याचं चित्र काढायला लावतात, चक्राच्या 24 आऱ्या मोजून घेतात. चांगलंच आहे. पण या सगळ्यांच्या हातातल्या झेंड्यावर चरखा होता, अशोकचक्र 22 जुलै 1947 ला आलं, हेही सांगा. तो झेंडा नुसता हातात धरला म्हणून गोळी खावी लागायची, हे तर सांगाच. मग 15 ऑगस्टच्या संध्याकाळी रस्त्यात पडलेला झेंडा उचलायला कुणाला ओरडावं लागणार नाही.

आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत हुतात्मा स्मारकं आहेत. काहींना वर्षभर कुलूप असतं, काहींच्या अंगणात धान्य वाळतं. बघून जीव तुटतो. शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून ती कुलपं उघडायला लावली पाहिजेत, आणि ऑगस्टची वाट न बघता.

तुमच्या जवळचं स्मारक कोणतं आणि त्यावर नावं कुणाची आहेत, खाली लिहा. मी तालुक्यांप्रमाणे यादी करतोय, सहल ठरवणाऱ्या शिक्षकांना पाठवायची आहे.