सदतीसचा पाढा

सोनं तोळ्यात, जमीन गुंठ्यात आणि टेक्नेशियम मिलिक्युरीत. कागदोपत्री काहीही असो, टेक्नेशियमसारखी किरणोत्सारी द्रव्यं रुग्णाला टोचून स्कॅन काढणाऱ्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात बोलीभाषा हीच. किरणोत्सार मोजायच्या बेकरेल या एककाला 1975 साली अधिकृत मान मिळाला, तरी चिठ्ठीवर ‘बोन स्कॅन, 20 मिलिक्युरी’ असंच येतं. माल येतो तो गिगाबेकरेलच्या लेबलाने, खोलीतली किरणं मोजणाऱ्या सर्व्हे मीटरचा काटा मिलिरोंटजेन दाखवतो आणि आमच्या अंगाला किती किरणं लागली ते टिपणाऱ्या छातीवरच्या टीएलडी बॅजचा निकाल लागतो मिलिसीव्हर्टमध्ये. या चौघांत दुभाषेगिरी करायची ती हॉट लॅबमधल्या, म्हणजे ही औषधं तयार करायच्या खोलीतल्या, आम्ही.

सगळ्या दुखण्याचं मूळ 37. 1910 साली ब्रुसेल्सच्या परिषदेत क्युरी हे एकक एक ग्रॅम रेडियमच्या भरवशावर ठरवलं गेलं. पुढे त्याची व्याख्या पक्की झाली: सेकंदाला अणूंची 3,700 कोटी विघटनं. मग मोजमापं सुधारली आणि एक ग्रॅम रेडियम जेमतेम 3,660 कोटी भरतं असं निघालं. रेडियम निसटलं, 37 आमच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. बेकरेल म्हणजे सेकंदाला फक्त एक विघटन. आपल्या अंगातल्या पोटॅशियम-40चेच चारेक हजार बेकरेल होतात. म्हणजे एक एकक कशालाच पुरत नाही आणि दुसरं कशातच मावत नाही. मधला पूल एवढाच: 1 मिलिक्युरी म्हणजे 37 मेगाबेकरेल. शरीरात शोषलेली ऊर्जा मोजणारं रॅड आणि तिचा शरीरावरचा भार मोजणारं रेम ही जुनी एककं त्या मानाने सज्जन. शंभर रॅडचा एक ग्रे, शंभर रेमचा एक सीव्हर्ट, टिंब सरकवलं की सुटका.

सिरिंजमधल्या औषधाचा किरणोत्सार मोजणाऱ्या डोस कॅलिब्रेटरवर आकडा छान उमटतो, पण आधी कोणत्या द्रव्याचं बटण दाबलेलं आहे ते बघावं. मागच्याने आयोडीन-131 मोजून बटण तसंच ठेवलं असेल, तर टेक्नेशियमचा आकडा साफ खोटा येतो, कारण प्रत्येक समस्थानिकाच्या किरणांना यंत्राच्या चेंबरचा प्रतिसाद वेगळा. खोटा आकडाही दशांश चिन्हासकट येतो, म्हणून जास्तच खरा वाटतो. त्यानंतर घड्याळ. टेक्नेशियम-99एमचं अर्धायुष्य 6 तास. सकाळी 8ला 40 मिलिक्युरी असेल तर दुपारी 2ला 20, इथवर सगळ्यांना जमतं. 11 वाजता किती? नवा गडी हमखास 30 म्हणतो. उत्तर 28, कारण क्षय सरळ रेषेत उतरत नाही. वेळ न लिहिलेला आकडा आम्ही आकडाच मानत नाही. इंजेक्शननंतर सिरिंजही पुन्हा मोजायची: आधी 20.6, नंतर 0.8, म्हणजे रुग्णाला गेले 19.8. ही वजाबाकी राहिली की नोंदवही सुंदर दिसते आणि चुकीची असते.

कुठे काही सांडलंय का ते तपासायला टेबल पुसून घेतलेल्या कागदाची तऱ्हा आणखी वेगळी. काउंटर बोलतो मिनिटाच्या हिशेबात. काउंट आले 1,260, त्यातून पार्श्वभूमीचे, म्हणजे कागद नसतानाही येणारे, 60 वजा करा, उरले 1,200. यंत्राची कार्यक्षमता 20 टक्के, म्हणून 6,000 विघटनं. मिनिटाचा सेकंद करायला 60ने भागा: 100 बेकरेल. कार्यक्षमता विसरलात तर 20 बेकरेल येतात आणि टेबल उगाचच स्वच्छ ठरतं.

सर्व्हे मीटरवर काट्याआधी खालची खिट्टी वाचावी. काटा 0.5वर आणि खिट्टी दहापटीवर, म्हणजे तासाला 5 मिलिरोंटजेन, ढोबळमानाने 50 मायक्रोसीव्हर्ट. काही जुने जीएम (गायगर-म्युलर) मीटर तीव्र स्रोताच्या फार जवळ नेले की गुदमरून शून्य दाखवतात. अशा शून्याला भ्यावं.

खरी कसोटी मात्र नातेवाइकांसमोर. ‘किती रेडिएशन देताय?’ या प्रश्नाला दोन खरी उत्तरं आहेत. 20 मिलिक्युरीचे 740 मेगाबेकरेल, म्हणजे सेकंदाला 74 कोटी विघटनं. किंवा शरीराला सुमारे 4 मिलिसीव्हर्ट. पहिल्यात औषध किती ते कळतं, दुसऱ्यात शरीरावरचा भार. तेवढेच 20 मिलिक्युरी आयोडीन-131चे असते तर थायरॉइडच्या बाबतीत बोलणंच वेगळं झालं असतं, कारण आयोडीन तिथेच साठतं. आम्ही अर्थातच 4 सांगतो. पण एखादा चिकित्सक जावई मोबाईलवर 74 कोटी काढून दाखवतोच. मग आम्ही समजावतो, लघवीवाटे जाईल ते सोडाच, नुसत्या क्षयानेसुद्धा 24 तासांत सोळावा हिस्साच उरतो.

‘म्हणजे उद्यासुद्धा साडेचार कोटी?’