शोधनिबंध : ठाणे ते वाशी, एका तिकिटात

सर किंवा मॅडम, बढतीची फाइल महिनाअखेरीस द्यायची आहे आणि खात्यावर शोधनिबंध एकही नाही? घाबरू नका. ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरून वाशीची गाडी पकडा, खिडकी मिळवा, फोन काढा. अर्ध्या तासात उरकेल.

ऐरोलीपर्यंत प्रस्तावना. फोनमधल्या एआय चॅटबॉटला, म्हणजे आपल्या यंत्राला, विषय द्या, येईल ते जसंच्या तसं चिकटवा. वाचू तर मुळीच नका. 2024 च्या मार्चमध्ये एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या एका जर्नलमधला लेख गाजला. त्याची प्रस्तावना ‘नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्यानेच सुरू होत होती. लेखक, समीक्षक, संपादक सगळ्यांच्या हाताखालून पहिली ओळ सुखरूप निसटली. मग तुम्हीच कशाला डोळे शिणवायचे?

आकृतीही त्याच्याकडूनच घ्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रंटियर्स या प्रकाशकाच्या जर्नलमध्ये मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयने काढलेला उंदीर छापून आला. जननेंद्रिय देहाहून मोठं, अवयवांच्या नावांच्या जागी निरर्थक अक्षरं. एका समीक्षकाने आकृत्यांवर शंका घेतली होती, ती तशीच राहिली. तीन दिवसांत लेख मागे घेतला गेला. गंमत म्हणजे मिडजर्नी वापरल्याचं लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

घणसोली गेली की संदर्भसूची. ‘पंचवीस संदर्भ दे’ म्हणायचं, मोजून पंचवीस येतात. यंत्र त्यासाठी ग्रंथालयात जात नाही. मागच्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल एवढंच ते बघतं. त्यामुळे संशोधकाचं नाव खरं, जर्नल खरं, वर्ष पटण्याजोगं, आणि असा लेख कोणी लिहिलेलाच नसतो. डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख-क्रमांक, टाकून पाहिला तर एक तर काही उघडत नाही, नाहीतर भलत्याच विषयाचा लेख समोर येतो. जोडीला इंटरनेट शोधणारं साधन असेल तर लेख बहुधा खरा निघतो, फक्त तुम्ही त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य त्यात नसतं, किंवा नेमकं उलटं असतं. पडताळणी म्हणजे डीओआय उघडणं, शीर्षक जुळवणं, पीडीएफमध्ये ते विधान शोधणं. संदर्भामागे तीन मिनिटं धरली तरी सव्वा तास होतो. गाडी अर्ध्या तासाची आहे, तेव्हा हा विषय सोडा.

वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या साम्याच्या रिपोर्टची धास्ती नको. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य खपतं, आणि यंत्राचा मजकूर कुठून शब्दशः उचललेला नसल्यामुळे आकडा सहसा खालीच राहतो. शिवाय त्या तपासणीतून संदर्भसूची नियमानेच वगळलेली असते. म्हणजे चोर जिथे बसलाय, त्या खोलीत गस्तच नाही.

उपकाराची जाणीव म्हणून यंत्राला सहलेखक करावंसं वाटेल, पण ते जमणार नाही. प्रकाशनातली नीती बघणारी कोप आणि वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आयसीएमजेई या दोन्ही संस्थांनी 2023 मध्येच सांगून टाकलं, की जे मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही ते लेखक नव्हे. (हा निकष माणसांना लावला तर विभागप्रमुखांचं नाव कुठे ठेवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.)

दुसऱ्याचं हस्तलिखित समीक्षेला आलं असेल तर तेही तुर्भ्याला चॅटबॉटमध्ये ओतून टाका. वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने अनुदान-प्रस्तावांच्या समीक्षेत गोपनीयतेपायी 2023 मध्येच याला बंदी घातली. पण एनआयएच तुर्भ्यात कुठे उतरते?

सानपाड्याला उरतं ते एआय वापरल्याचं निवेदन : ‘भाषा सुधारण्यासाठी अमुक साधनाची अमुक आवृत्ती अमुक महिन्यात वापरली. सर्व मजकूर आम्ही तपासला असून जबाबदारी आमची आहे.’ दोनच वाक्यं, वाशी यायच्या आत लिहून होतील. फक्त ‘आम्ही तपासला’ इथे बोट अडखळेल, म्हणून निवेदनच गाळा.

उतरताना गर्दीत फोन सांभाळा. तुमचा लेख वाचलेला सध्या तो एकटाच आहे.