गॉथिक बोलणारा ग्रीक

पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारने जून २०२५ अखेर मागे घेतला, तरी परदेशातल्या आम्हा मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो वाद काही शमत नाही. एकाचं म्हणणं, राजाश्रयाशिवाय भाषा जगत नाही. दुसरा म्हणतो, २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आता कसली काळजी?

मी राहतो स्वीडनमधल्या उप्सालात. इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेलं सहाव्या शतकातलं, गॉथ या प्राचीन जर्मानिक लोकांच्या भाषेतलं, म्हणजे गॉथिक बायबल काचेआड ठेवलंय. अभिजात म्हणावं तर याहून काय हवं! पण ज्या इटलीत गॉथांचं राज्य होतं, तिथून त्यांची भाषा लवकरच नाहीशी झाली. स्पेनमध्ये गॉथ राजे ७११ पर्यंत टिकले. भाषा त्याआधीच लॅटिनच्या पोटात गेली होती. ती तगली क्रिमियाच्या डोंगरात. तिथे मंगुपच्या गडावर एक छोटं संस्थान होतं, त्याचा आणि चर्चचा कारभार ग्रीकमध्ये चाले. १४७५ मध्ये ऑटोमनांनी तेही घेतलं.

आणि तरीही १५६० च्या आसपास ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचा इस्तंबूलमधला राजदूत बुसबेक याला क्रिमियाहून आलेले दोघे भेटले आणि त्याने सुमारे ऐंशी गॉथिक शब्द टिपून घेतले. घराला 'हूस', भावाला 'ब्रूडर', सफरचंदाला 'आपेल'. हजाराला मात्र 'हाझेर', इराणी वळणाचा, आपल्या हजाराचा भाऊबंद. (शुद्धीवाल्यांनी नोंद घ्यावी: उसन्या शब्दांसकट ही भाषा हजार वर्षं चालली.)

मला राहून राहून आठवतात ते हे दोघे. एक जन्माने गॉथ, पण तो आपली भाषा विसरून ग्रीक बोलत होता. दुसरा जन्माने ग्रीक, आणि गॉथिक येत होती ती त्यालाच! सततच्या देवघेवीतून तो शिकला, असं बुसबेक लिहितो. म्हणजे क्रिमियातले काही गॉथ तरी ग्रीक गिऱ्हाइकाशी आपल्याच भाषेत बोलत असणार.

आपण काय करतो? मुंबईत रिक्षात बसलो की पहिलंच वाक्य 'भैया, स्टेशन चलोगे?' समोरचा साताऱ्याचा असला तरी. पुढे बाहेरून आलेल्या रिक्षावाल्याला मराठी येत नाही म्हणून आपणच चिडायचं, आणि काहींनी तर हात उगारायचा. पहिलीच्या पोरांवर तिसरी भाषा लादायला माझा विरोधच होता, आजही आहे. पण त्या आंदोलनातली निम्मी माणसं घरी जाताना भाजी हिंदीत घेत असतील, तर बाहेरून आलेल्याने मराठी शिकायची कुठे?

याची दुसरी बाजू मी इथे रोज अनुभवतो. आपलं स्वीडिश जरा अडखळलं की स्वीडिश माणूस सौजन्याने इंग्रजीवर येतो. आयटीतले आम्ही मराठी त्या सौजन्यावर वर्षानुवर्षं निभावतो आणि स्वीडिश 'हेय' (नमस्कार) नि 'ताक' (धन्यवाद) यांच्या पुढे जात नाही. वृद्धाश्रमात काम करणारी माझ्या ओळखीची एक नगरची बाई मात्र फर्डं बोलते. तिथल्या म्हाताऱ्या आपलं स्वीडिश सोडत नाहीत, समजेपर्यंत तेच वाक्य पुन्हा म्हणतात.