मॅनेजरना विचारून सांगतो की!

आज गाडीच्या शोरूममध्ये चौथी खेप. परत तोच गोडमिट्ट चहा, परत तेच वाक्य, 'सर, मॅनेजरना विचारून सांगतो की!' अरे, कोण हा मॅनेजर? काचेच्या केबिनीत बसून कुंदा खातोय काय? सेल्सचं पोरगं आत जातं, पाच मिनिटं मोबाईल बघतं आणि तोंड पाडून बाहेर येतं. किती कमी केले? दोन हजार! नऊ लाखांच्या गाडीत!

रोड टॅक्सबद्दल तर बोलायलाच नको. कर्नाटकाचे 14 टक्के, वर सेस, म्हणजे करावर कर. पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडातले आमचे पाहुणे पेट्रोल गाडीला 11 टक्के भरतात, आपण नुसतं जळायचं. असू दे, तो सरकारचा. पण कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात 'हँडलिंग' साडेसात हजार? कसलं हँडलिंग? गाडीला कडेवर घेऊन आंघोळ घातली? 'बेसिक किट' म्हणजे चार रबरी मॅट आणि डॅशबोर्डवर एक गणपती. विमा बाहेरून काढतो म्हटलं की चेहरा असा, जणू त्याच्या लग्नात मी न जेवता उठलो! कुठूनही काढता येतो रे बाबा, नियमच आहे तसा.

आणि कहर म्हणजे, माझ्यासमोर दोघं आपसात कन्नडमध्ये कुजबुजतात, 'हत्तु साविर बिडबहुदु.' दहा हजार सोडता येतील म्हणे! मग माझ्याकडं वळून मराठीत, 'नाही हो सर, काहीच सुटत नाही.' अरे, बेळगावच्या शहापुरात जन्म गेला माझा! भाजीवालीशी रोज कन्नडमध्येच घासाघीस करतो मी!